वाकण्याचा आकडा खोक्यावर छापा

काचेच्या टेबलावर फोन पालथा ठेवून एका टोकावर बोट दाबलं की दुसरं टोक उचललं जायचं. बोट काढलं की फोन दोनदा डुगडुगायचा आणि थांबायचा. खाली वाकून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून पाहिलं तेव्हा मधला भाग काचेला टेकलेला दिसला आणि दोन्ही टोकांकडे रुंदावत जाणारी उजेडाची बारीक फट. माझा हा फोन नेमका कधी वाकला, हे मला आजही सांगता येणार नाही. तो पडला नव्हता, दारात चेपला नव्हता, कुणाच्या पायाखाली आला नव्हता. रोज असतो तसा खिशात होता.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने तो हातात घेतला, एक डोळा मिटून कडेवरून पाहिला आणि म्हणाला, ‘फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसणार नाही.’ मी विचारलं, एवढं वाकायला किती जोर लागतो? त्याने उत्तराऐवजी सिमचा ट्रे बाहेर काढला आणि आतल्या खाचेत टॉर्च मारून पांढरी पट्टी दाखवली. पाणी गेलं असतं तर ती लाल झाली असती. ती पांढरी होती, म्हणजे पाणी गेलेलं नाही, हे तो छातीठोकपणे सांगू शकत होता. वाकण्याबद्दल सांगायला त्याच्याकडे ना पट्टी होती, ना आकडा. ‘बसला असाल तुम्ही त्याच्यावर,’ एवढंच तो म्हणाला.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे साधन दिलंय तेच तो वापरणार. पण त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात रुतून बसलाय, आणि जितकं वाचत गेलो तितकं माझं मत पक्कं होत गेलं. फोन सहज वाकतो की नाही, यावर लोक भांडतात, व्हिडिओ काढतात, कंपन्या निवेदनं काढतात. ज्या एका आकड्याने हे भांडण मिटेल तो आकडा कंपनीकडे पहिल्या दिवसापासून असतो. तो ग्राहकाला कायद्याने मिळाला पाहिजे. मला एवढंच म्हणायचं आहे, आणि ते का म्हणायचं आहे हे सांगायला २०१४ पासून सुरुवात करावी लागेल.

१९ सप्टेंबर २०१४ ला ॲपलचे आयफोन ६ आणि ६ प्लस विक्रीला आले. पहिल्या तीन दिवसांत दोन्ही मिळून एक कोटीहून जास्त फोन गेले. आठवडा पुरा व्हायच्या आतच काही लोकांनी ६ प्लसचे फोटो टाकायला सुरुवात केली: दिवसभर खिशात ठेवलेला फोन संध्याकाळी टेबलावर ठेवला तर सरळ बसत नाही. पाठोपाठ ‘अनबॉक्स थेरपी’ या यूट्यूब चॅनेलच्या लुईस हिल्सेनटेगरने कॅमेऱ्यासमोर दोन्ही अंगठे लावून ६ प्लस वाकवून दाखवला. तो व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला, प्रकरणाला ‘बेंडगेट’ हे नाव पडलं आणि जगभर दोन तट पडले. एक म्हणत होता, एवढा महागडा फोन खिशात वाकतो म्हणजे लुबाडणूक आहे. दुसरा म्हणत होता, अंगठे लावून पिळल्यावर काय वाकणार नाही?

कंपनीचं उत्तर आलं ते एका आकड्याच्या रूपात. विक्रीच्या पहिल्या सहा दिवसांत वाकलेल्या ६ प्लसबद्दल फक्त ९ ग्राहकांनी कंपनीशी संपर्क साधला, आणि सामान्य वापरात फोन वाकणं अत्यंत दुर्मिळ आहे. शिवाय पत्रकारांना बोलावून चाचण्यांची प्रयोगशाळा दाखवली. तिथे फोन दोन टोकांवर टेकवून मध्ये २५ किलोचा भार देणारी यंत्रं होती, फोनला पीळ देणारी यंत्रं होती. बाजारात आणण्याआधी सुमारे १५ हजार फोन असे तपासल्याचं सांगितलं गेलं. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने स्वतःच्या यंत्रावर चाचणी घेतली. तिच्यात आयफोन ६ कायमचा वाकायला ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलोचा जोर लागला. ६ प्लसला ९० पौंड, म्हणजे ४१ किलो. एचटीसी वन एम८ देखील ७० पौंडांना वाकला. एलजी जी३ ने १३० पौंड सोसले, सॅमसंगच्या नोट ३ ने १५०. आणि ॲपलच्याच जुन्या आयफोन ५ ने १३०.

या निकालाचा मथळा बहुतेक ठिकाणी असा झाला, की फोन वाटतात तितके लेचेपेचे नाहीत. तो खोटा नव्हता. ३२ किलो म्हणजे काही कमी जोर नव्हे. पण त्याच तक्त्यात दुसरी गोष्ट ठळक दिसत होती. एकाच कंपनीचा आधीचा फोन १३० पौंड सोसत होता आणि नवा ७० ला हार मानत होता. ग्राहकाच्या दृष्टीने बातमी ही होती. ‘वाकतो का?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही फोनच्या बाबतीत ‘हो, पुरेसा जोर लावला तर’ असंच येणार. ‘माझ्या आधीच्या फोनपेक्षा किती सहज वाकतो?’ हा प्रश्न विचारला असता तर पुढच्या चार वर्षांचा घोळ तिथेच उलगडायला लागला असता.

आता त्या ९ ग्राहकांबद्दल. हा आकडा खरा होता असंच मी धरून चालतो. पण तो कशाचा आकडा होता? सहा दिवसांत ज्यांचा फोन डोळ्यांना दिसेल इतका वाकला, ज्यांनी ते ताडलं, आणि ज्यांनी कंपनीला फोन किंवा मेल करण्याची तसदी घेतली, अशांचा. वाकणं हा अपघातासारखा एका क्षणात घडणारा प्रकार असेल तरच तो पुरेसा आहे. खिशातला फोन तसा वाकत नाही. माणूस दिवसातून कितीतरी वेळा बसतो, उठतो, जिना चढतो, बुटाची नाडी बांधायला वाकतो. दर वेळी फोनवर थोडा ताण येतो, थोडा पीळ बसतो. त्यातला बहुतेक ताण धातू सोसतो आणि परत सरळ होतो. कधीतरी एखादा ताण मर्यादेपलीकडे जातो आणि केसभर वाक मागे राहतो. शिवाय धातू सरळ झाला तरी त्याच्या पोटातल्या सर्किट बोर्डालाही दर वेळी थोडं लवावं लागलेलंच असतं. त्याचा हिशेब सहा दिवसांत मागणं म्हणजे पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी पिकाचा अंदाज काढणं.

फोन वाकतो कुठे, हेही पाहण्यासारखं आहे. त्या वेळच्या फोटोंमध्ये वाक बहुतेक ठिकाणी फोनच्या बरोबर मध्ये नव्हता, आवाजाच्या बटणांजवळ होता. कारण सरळ आहे. बटणांसाठी फ्रेमला भोकं पाडावी लागतात. पट्टीला जिथे भोक असतं तिथे उरलेल्या धातूवर ताण गोळा होतो आणि पट्टी तिथूनच हार मानते. ॲपलच्या निवेदनातच लिहिलं होतं की जास्त ताण येणाऱ्या जागी स्टीलच्या आणि टायटेनियमच्या आधारपट्ट्या बसवल्या आहेत. म्हणजे ताण कुठे येतो हे माहीत होतं. यंत्राचा दांडा मात्र मधोमध दाबत होता.

जाडी कमी झाल्याने नेमकं काय होतं, हेही एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ‘अर्धा मिलिमीटरच तर आहे’ हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. आयफोन ५एस ७.६ मिलिमीटर जाड होता, ६ प्लस ७.१. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होत नाही, एक अष्टमांश होतो. त्या अर्ध्या मिलिमीटरने भरीव पट्टीचा ताठपणा १८ टक्क्यांनी उतरतो. लांबीचा हिशेब त्याहून कडक आहे. ५एस १२३.८ मिलिमीटर लांब होता, ६ प्लस १५८.१. दोन टोकांवर टेकवलेली पट्टी मधल्या भाराने किती लवते, हे लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणजे नुसत्या लांबीमुळे लवणं दुपटीला पोचतं. फोन रुंदही झाला होता आणि त्याने काही भरपाई केली. तिन्ही धरून हिशेब मांडला तर त्या मापाची भरीव पट्टी तेवढ्याच भाराला आधीच्यापेक्षा जवळपास दुप्पट लवते. फोन म्हणजे भरीव पट्टी नव्हे, आत बॅटरी आहे, काच आहे, स्क्रू आहेत, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण दिशा कुठली आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. आकृती काढणाऱ्या अभियंत्याला ती पहिल्या दिवशी कळलेली असणार.

कळलीच होती. ते बाहेर यायला चार वर्षं लागली, आणि त्या आधी दुसरंच दुखणं उपटलं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये फोन दुरुस्त करणाऱ्यांच्या वर्तुळातून तक्रार पुढे आली. आयफोन ६ आणि विशेषतः ६ प्लसच्या स्क्रीनवर वरच्या कडेला एक करडी पट्टी लुकलुकायला लागते, टच आधी रेंगाळतो आणि मग मरतो. आयफिक्सिट या दुरुस्तीच्या माहितीसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेने हे जगासमोर आणलं आणि त्याला ‘टच डिसीज’ नाव पडलं. डिस्प्ले बदलून उपयोग होत नव्हता. नवा डिस्प्ले लावला तरी पट्टी परत यायची. फोन हलक्या हाताने पिळला की थोडा वेळ टच चालू व्हायचा, आणि हीच मोठी खूण होती.

दुखणं बोर्डावरच्या टच आयसीत, म्हणजे स्क्रीनवरचा स्पर्श ओळखणाऱ्या चिपमध्ये होतं. अशी चिप बोर्डावर पायांवर उभी नसते. तिच्या पोटाखाली सोल्डरचे गोळे ओळीने मांडलेले असतात, टाचणीच्या डोक्याहून कितीतरी लहान. प्रत्येक गोळा एक जोड असतो आणि त्यातून वीज जाते. बोर्ड लवला की चिप ताठ राहते, खालचा बोर्ड झुकतो आणि मधल्या गोळ्यांना दोन्हीकडून ओढ बसते. हे पुन्हापुन्हा झालं की एखादा गोळा तडकतो. तडा मिटला की टच चालतो, उघडला की बंद पडतो. पिळल्यावर फोन का जागा व्हायचा ते इथे कळतं. यावरचा उपायही या धंद्यातल्यांना जुना माहीत आहे. चिपच्या खाली इपॉक्सी भरतात, तिला अंडरफिल म्हणतात. ती घट्ट झाली की चिप आणि बोर्ड एकजीव होतात आणि ओढ एकट्या गोळ्यांवर पडत नाही.

म्हणजे २०१४ मध्ये ज्या वाकण्यावर लोक हसले, त्याची किंमत २०१६ मध्ये टच गेलेल्या स्क्रीनच्या रूपाने चुकवावी लागली. ज्यांचे फोन डोळ्यांना सरळ दिसत होते त्यांचेही टच गेले. ‘थोडा वाकला तर वाकला, चालतोय ना’ असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं. वाकलेली कड दिसते, तडकलेला गोळा दिसत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलने ६ प्लससाठी दुरुस्तीची योजना काढली. ती मोफत नव्हती, ग्राहकाने १४९ डॉलर भरायचे होते. कारण दिलं होतं ते असं: फोन कडक जमिनीवर अनेकदा पडून नंतर त्यावर आणखी ताण आल्याने काही फोनमध्ये हा त्रास दिसतो. याचा मराठीत अर्थ एकच, फोन तुम्ही पाडला. मला काउंटरवर ऐकायला मिळालेल्या वाक्याचंच हे मोठं भावंड.

या प्रकरणावरून ग्राहकांनी कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश लुसी को यांच्यासमोर तो चालला. मे २०१८ मध्ये त्यांच्या एका आदेशातून कंपनीच्या अंतर्गत कागदांतली माहिती उघड झाली. त्याच आदेशात हा दावा सगळ्या ग्राहकांच्या वतीने सामूहिक म्हणून चालवायला त्यांनी परवानगी नाकारली, हेही नोंदवायला हवं. कंपनी दोषी ठरली असं नाही. पण जी माहिती बाहेर आली ती बोलकी आहे. विक्री सुरू होण्याआधीच्या कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत आयफोन ६ वाकण्याची शक्यता ५एस पेक्षा ३.३ पट आढळली होती. ६ प्लसची ७.२ पट. आणि मे २०१६ मध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या योजनेच्या सहा महिने आधी, नव्या बनणाऱ्या फोनमध्ये त्या टच चिपखाली अंडरफिल भरायला कंपनीने गुपचूप सुरुवात केली होती.

७.२ पट. २०१४ च्या त्या आठवड्यात, एकीकडे व्हिडिओ आणि दुसरीकडे ‘फक्त ९ ग्राहक’ चाललं होतं, तेव्हा हा आकडा कंपनीच्या कपाटात होता. दुर्मिळ गोष्ट सातपट झाली तरी दुर्मिळच राहू शकते, हे मला मान्य आहे. कदाचित दोन्ही विधानं एकाच वेळी खरी होती. पण ‘दुर्मिळ आहे’ हे सांगणाऱ्याने ‘आधीपेक्षा सातपट आहे’ हे दाबून ठेवलं, तर ऐकणाऱ्याची फसगतच होते. फोन बदलू की जुनाच ठेवू, हे ठरवणाऱ्याला दुसरं वाक्य हवं असतं.

आता इथे एक गंमत नाही, चांगलंच कोडं आहे, आणि मला ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात शिकण्यासारखं वाटतं. ग्राहकसंस्थेच्या यंत्रावर ६ प्लस हा ६ पेक्षा मजबूत निघाला होता, ९० पौंड विरुद्ध ७०. कंपनीच्या कागदांत मात्र ६ प्लस वाकण्याची शक्यता ६ च्या दुपटीहून जास्त. मग खरं काय? दोन्ही. यंत्राने एकदाच, सावकाश, मधोमध दाबून जोर मोजला. कंपनीने मोजली ती वाकण्याची शक्यता, आणि शक्यतेत जोराबरोबर बाकीचंही आपोआप येतं: फोन खिशातून किती बाहेर डोकावतो, मांडीच्या वळणावर किती लांबवर पसरतो, बसताना त्याच्यावर तरफ किती लांब पडते. लांब फोनला वाकायला जास्त जोर लागत असेलही, पण तो जोर त्याच्या वाट्याला जास्त वेळा येतो. म्हणून मला नुसत्या यंत्राच्या आकड्यावर समाधान नाही आणि नुसत्या अंगठ्यांच्या व्हिडिओवरही नाही.

त्या व्हिडिओला मात्र मी नावं ठेवणार नाही. त्यात मोजमाप नव्हतं, तमाशाचा भाग होता, हे खरंच. पण तो निघाला नसता तर प्रयोगशाळेचं दार पत्रकारांसाठी उघडलं नसतं आणि ग्राहकसंस्थेने सहा फोन यंत्राखाली ठेवले नसते. एक वर्षाने, २०१५ मध्ये आलेल्या ६एस साठी ॲपलने ॲल्युमिनियमचा प्रकारच बदलला. ७००० मालिकेतलं, विमानउद्योगात वापरतात तसलं, जास्त मजबूत ॲल्युमिनियम घेतलं. जाडी ६.९ ची ७.१ झाली, प्लसची ७.१ ची ७.३. ज्यांना लोक ‘रिकामटेकडे’ म्हणत होते त्यांनी अंगठ्यांनी हे करून घेतलं.

दोष वापरणाऱ्यावर ढकलायची सवय मात्र गेलेली नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड तिची येते. ‘मागच्या खिशात फोन ठेवून बसायचं नाही, एवढं कळत नाही का?’ कळतं. पण फोन ही खिशातच ठेवायची वस्तू आहे. ज्यांच्या कपड्यांना पुढचा खिसा नावापुरताच शिवलेला असतो, अशा असंख्य बायकांना साडेपाच इंची फोनसाठी मागचा खिसाच उरतो. आणि हे कंपनीला माहीत नव्हतं असं नाही. त्या प्रयोगशाळेत पत्रकारांना दाखवलेल्या चाचण्यांमध्ये बसण्याचीच एक चाचणी होती: मऊ जागेवर बसणं, कडक जागेवर बसणं, आणि सर्वात वाईट म्हणून घट्ट जीन्सच्या मागच्या खिशात फोन ठेवून कडक जागेवर तिरकं बसणं. ज्या वापरासाठी तुम्ही स्वतः यंत्र बांधता, तो वापर चुकीचा आहे असं ग्राहकाला कसं सांगता येईल?

दुसरा बचाव असा, की पातळ फोन लोकांनाच हवे असतात. मला हे पटत नाही. २०१४ मध्ये लोक मोठा स्क्रीन मागत होते, हे नक्की. बॅटरी जास्त चालावी हे तर ते तेव्हापासून आजवर मागताहेत. पण ७.६ चा फोन जाड वाटतो म्हणून कुणी दुकानातून परत गेल्याचं मी पाहिलं नाही. लोक नवा फोन घेतात आणि खोकं टाकायच्या आधी त्याला कव्हर चढवतात. त्या कव्हरची जाडी, जी जाडी छाटल्याची जाहिरात झाली तिच्याहून जास्त असते. वर्षभराने ६एस जाड झाला, प्लसचं वजन १७२ ग्रॅमवरून १९२ वर गेलं (त्यातलं बरंचसं नव्या स्क्रीनचं होतं), आणि त्यावरून कुठे ओरड झाली नाही. पातळपणा जाहिरातीच्या फोटोत दिसतो, ताठपणा दिसत नाही. त्यामुळे पहिल्याचा आकडा मोठ्या अक्षरात छापला जातो आणि दुसऱ्याचा छापलाच जात नाही.

हे एका कंपनीपुरतंही नाही आणि एका वर्षापुरतंही नाही. २०१८ च्या अखेरीस ५.९ मिलिमीटर जाडीचा आयपॅड प्रो आला. काहींनी तो खोक्यातून काढतानाच किंचित वाकलेला असल्याच्या तक्रारी केल्या. कंपनीने सांगितलं की हा दोष नाही. पुढे जाहीर केलेल्या माहितीत ४०० मायक्रॉनपर्यंतचा वाक चालतो असं म्हटलं, म्हणजे चार कागदांच्या जाडीहूनही कमी. त्यावर टीका खूप झाली. पण मी इथे कंपनीच्या बाजूचा एक मुद्दा मांडतो: निदान इथे तिने आकडा तरी सांगितला. चार कागद. तो ग्राहकाला घरी तपासता येतो, त्यावर वाद घालता येतो, कमी-जास्त म्हणता येतं. ‘अत्यंत दुर्मिळ’ या शब्दांशी वाद घालायला काही हातातच लागत नाही.

२०२५ मध्ये पुन्हा पातळ फोनांची लाट आली. सॅमसंगचा एस२५ एज ५.८ मिलिमीटरचा, ॲपलचा आयफोन एअर ५.६ चा. २०१४ मध्ये जो फोन पातळ म्हणून बदनाम झाला त्याच्याहून दीड मिलिमीटर कमी. यावेळी दोन्ही कंपन्यांनी फ्रेम टायटेनियमची केली, आणि फोन हातात पडल्या पडल्या लोकांनी जे करायचं तेच केलं, वाकवून पाहिला. एअरने अपेक्षेपेक्षा बराच जास्त जोर सोसला. चांगलं झालं. धडा घेतला गेला असं म्हणायला जागा आहे. पण तो टिकतो हे आपल्याला पुन्हा हौशी लोकांनी फोन मोडून सांगावं लागलं, खोक्यावर वाचून कळलं नाही. पुढच्या वर्षी दुसरी एखादी कंपनी तेवढाच पातळ फोन साध्या ॲल्युमिनियममध्ये काढेल तेव्हा ग्राहकाला फरक कशावरून कळणार?

पाण्याच्या बाबतीत कळतो. फोनवर आयपी६७ किंवा आयपी६८ लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि त्यामागे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. २०१६ च्या आयफोन ७ पासून ॲपलही ते मिरवतं. पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत तरीही बसत नाही, ती वेगळी तक्रार आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण दोन फोन शेजारी ठेवून तुलना तरी करता येते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनला रंगीत पट्ट्यांचं लेबल सक्तीचं केलं आहे, फ्रिजवर असतं तसं. त्यावर बॅटरी किती तास चालते, किती वेळा चार्ज करता येते, फोन पडल्यावर किती टिकतो याची श्रेणी, दुरुस्तीला किती सोपा याची श्रेणी, पाणी-धुळीचा आयपी क्रमांक, सगळं आहे. पडण्याला श्रेणी आहे. वाकण्याला नाही.

माझी मागणी तिथेच येऊन थांबते. त्या लेबलावर आणि तशाच प्रत्येक खोक्यावर वाकण्याचा आकडा असावा. जोर मधोमध न लावता फोनच्या सर्वात कच्च्या जागी लावावा आणि भार काढल्यावर पहिल्यांदा कायमचा वाक राहतो तो जोर छापावा. एकदाच दाबून थांबू नये, हजारो वेळा हलका भार देऊन नंतर टच आणि बोर्ड तपासावा, कारण ६ प्लसने नेमकं तिथेच दगा दिला. आणि त्याच कंपनीच्या आधीच्या फोनचा आकडा शेजारी असावा. कुणी म्हणेल, आकडा लावला की कंपन्या चाचणीपुरता फोन बनवतील. बनवू देत. चाचणी कच्च्या जागी असेल तर ती जागा पक्की केल्याशिवाय आकडा वाढणार नाही. कुणी म्हणेल, हे व्यापारी गुपित आहे. जो आकडा कुठलीही ग्राहकसंस्था फोन विकत घेऊन आठवडाभरात काढू शकते, त्यात गुपित कसलं?

आकडा छापला की काउंटरवरचं बोलणंही बदलेल. आज वाकलेला फोन समोर आला की तो ग्राहकाने वाकवला असं गृहीत धरतात आणि तसं नाही हे ग्राहकाने सिद्ध करायचं असतं, तेही कसं करायचं हे न सांगता. ठरावीक जोरापर्यंत फोन सरळ राहील असं कंपनीने लिहून दिलं, तर त्या जोराच्या आत वाकलेला फोन हा वॉरंटीचा विषय होतो. मग जबाबदारी कुणाची हे मोजता तरी येईल.

आयपॅडच्या त्या चार कागदांबद्दल वाचलं त्या रात्री मी माझा जुना फोन ड्रॉवरमधून काढला. तोच काचेचा टेबल. एक टोक बोटाने दाबून धरलं आणि उचललेल्या टोकाखाली प्रिंटरचे कागद एकेक करून सरकवत गेलो. अकरा कागद गेले. बाराव्याला फोन हलला. त्या फोनच्या वाकण्याचं कुणी केलेलं हे एकमेव मोजमाप.